चौदा बायांचा डावा हात

परळीच्या एका कलादालनात माझा डावा हात चौदा वेळा टांगलेला होता. थट्टा नाही करत. काचेच्या फ्रेममध्ये, वरून पिवळा दिवा, खाली पांढरी चिठ्ठी, आणि हाताच्या वर दर वेळी वेगळ्या बाईचं तोंड. लोक पुढे उभे राहायचे, हात पाठीमागं बांधायचे आणि मान तिरकी करून बघायचे. तो हात कुणाचा, हे कळू नये म्हणून मला काय काय करावं लागलं तेच सांगायला बसले आहे.

आधी त्या कलादालनाचं सांगते. आमच्या भागातल्या एका साहेबांनी ते बांधलं. साहेब म्हणजे पुढारी. जमीन बघायला निघालं तर बांधावरच दिवस मावळेल एवढी. मुळात ती इमारत मंगल कार्यालयाची. पण परळीत वीज केंद्राची राख उडते, हे काही मी नव्यानं सांगायला नको. अक्षता टाकायच्या पिवळ्या आणि वऱ्हाडाच्या डोक्यावर उतरायच्या राखाडी. नवरीकडच्यांनी दोन-चारदा भांडणं केली, मग बुकिंग येईना. तेव्हा साहेबांना कला आठवली. वडिलांच्या स्मरणार्थ म्हणून पाटी बदलली, भिंती पांढऱ्या केल्या, जेवणाच्या हॉलला ‘दालन क्रमांक दोन’ म्हणायला लागले आणि पुण्याहून एक ताई बोलावल्या. त्यांचा हुद्दा क्युरेटर. म्हणजे काय करता, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “मी चित्रं काढत नाही, फोटोही काढत नाही. मी अर्थ लावते.” आमच्याकडं हे काम पारावरची मंडळी करतात, पण त्यांना कुणी गाडी पाठवून आणत नाही.

ताईंनी वर्षाचा हंगाम आखला. नाव ‘स्मृती आणि अस्मिता’. एकामागं एक अशी तीन फोटोंची प्रदर्शनं. पहिलं साहेबांच्या वडिलांचं होणं भागच होतं. वडील फीत कापताना, वडील नारळ फोडताना, वडील हार घेताना, वडील दुसऱ्याला हार घालताना. सबंध भिंतभर तेच. ताईंनी त्याला ‘सत्तेच्या स्मृती’ असं नाव दिलं. त्यांना त्यात टोमणा मारायचा होता म्हणे. साहेबांना ते नाव इतकं आवडलं की त्यांनी त्याचे बॅनर चौकाचौकांत लावले.

दुसरं प्रदर्शन राखेचं. पुण्याचा एक फोटोवाला महिनाभर राहिला आणि राख टिपून गेला. वाळत घातलेल्या धोतरावरची राख, तुळशीवरची राख, झाकून ठेवलेल्या दुधावरची राख. परळीच्या बायका बघायला आल्या. त्यातली एक म्हातारी सगळं दालन फिरली आणि दारातल्या माणसाला म्हणाली, “ह्ये तर रोज सकाळी पुसतोय आमी. तुमी कावून टांगलंय?” ताईंनी तिचं म्हणणं वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या पत्रकात छापलं, प्रेक्षकांचा सहभाग म्हणून.

तिसऱ्या प्रदर्शनाला त्यांना गावाकडचे जुने फोटो पाहिजे होते. म्हणून त्या आमच्या गावी, दिंद्रुडला आल्या. आमचा फोटो स्टुडिओ स्टँडच्या समोरच आहे. पाटीवर सासऱ्यांचं नाव आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण पाटी बदलायची कुणाला सुचलं नाही आणि मी सुचवलं नाही. स्टुडिओ मीच चालवते. आमचे हे लग्नाच्या व्हिडिओला जातात, म्हणजे जेवायला जातात आणि जमलं तर व्हिडिओही काढतात.

ताईंनी आल्या आल्या मला ‘मावशी’ म्हटलं. माझ्याहून फार तर दोन वर्षांनी लहान असतील. खेड्यातली बाई दिसली की मावशी म्हणायचं, हे त्यांच्याकडं शिकवतात की काय कोण जाणे. मी म्हटलं असू दे. आतून पत्र्याची पेटी काढून दिली आणि त्या फरशीवर बसकण मारून एकेक फोटो वर काढायला लागल्या. प्रत्येक फोटोला ‘अहाहा’. मला जरा बरंही वाटलं. तीस-पस्तीस वर्षांत आमच्या फोटोला कुणी अहाहा म्हटलं नव्हतं. “नाक लई मोठं आलं,” एवढंच ऐकत आले होते.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पूर्वी बायकांचे फोटो निघायचेच कुठं? बाई गेली की तेराव्याच्या आत घरचा माणूस यायचा, खिशातून चुरगळलेला फोटो काढायचा. लग्नातला असायचा, नाहीतर कुठल्या तरी गर्दीतला. तोंड दिसायचं, खाली दुसऱ्याच कुणाचा खांदा. भिंतीला लावायला तर आख्खी बाई पाहिजे. मग सासरे तेवढं तोंड कापून घ्यायचे आणि तयार धडावर चिकटवायचे. गळ्याशी जोड यायचा तो ब्रशनं बुजवायचा, वर मंगळसूत्र काढायचं, आणि त्या जोडलेल्या फोटोचा परत एक फोटो काढायचा. याला आमच्यात मान बसवणं म्हणतात. बाप्यांसाठी धड होतं सासऱ्यांच्या एका दोस्ताचं, कोट घातलेलं. आमच्या आसपासच्या गावांत जेवढे म्हातारे कोटात मेलेत, ते सगळे त्या एका कोटात मेलेत. आणि बायांसाठी धड माझं.

मी नवी नवरी होते तेव्हा. सासऱ्यांनी मला खुर्चीवर बसवलं, काठपदर नीट केला, डावा हात शेजारच्या स्टुलावर ठेवायला लावला, स्टुलावर प्लास्टिकची फुलं. म्हणाले, “सूनबाई, हलू नका.” मला वाटलं, सासऱ्यांना सुनेचं कौतुक. फोटो धुऊन आला तेव्हा त्यांनी माझं तोंड कात्रीनं कापून बाजूला ठेवलं आणि बाकीची मी पेटीत गेले. तोंडाचं काय केलं ते विचारलं नाही.

तेव्हापासून कितीक बाया माझ्या अंगावर बसून भिंतीवर गेल्या. घरच्यांना ते ठाऊक असायचं, कुणाला काही वाटायचं नाही. “तोंड आमचं, अंग तुमचं,” असा साधा व्यवहार. सासऱ्यांची नजर गेली तेव्हा मान बसवायचं काम मी शिकले. खोटं कशाला बोलू, त्यांच्यापेक्षा चांगलं जमायचं मला. स्वतःच्याच खांद्यावर दुसरीचं डोकं बसवायला शिकलेली बाई तालुक्यात दुसरी नसेल. पण पाटी सासऱ्यांची, त्यामुळं फोटो सासऱ्यांचे. हे मनात लई दिवस साठलेलं होतं. ते पुढं आडवं आलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

त्या धडावर एक खूण होती. माझ्या डाव्या मनगटावर गोंदण आहे. माहेरी काढलेलं, पाच ठिपक्यांचं फूल. गोंदणवालीनं पाचवा ठिपका टोचला तेव्हा मी कळवळून हात ओढला आणि तिची सुई घसरून लांब एक सहावा ठिपका पडला. फुलापासून तुटलेला, अंगठ्याकडं. आई म्हणाली होती, झालं, सासरी जाऊनही ही अशीच वाकड्यात जाणार. फोटोत तो सहावा ठिपका स्पष्ट दिसतो.

ज्या पोरीपायी हे सगळं घडलं तिला मी मनात ठिपकेवाली म्हणते. जवळच्याच वस्तीवरची. तिची आई ऊसतोडीला गेली असताना तिकडंच, कारखान्याच्या फडावर, तापात गेली. तिकडंच जाळली. पोरगी तेव्हा दोन-अडीच वर्षांची. पुढं शाळेत जायला लागली आणि बापाला विचारायला लागली, माझी आई कशी होती? बाप स्टुडिओत आला. सासरे त्या दिवशी गावाला गेले होते, मी एकटीच होते. फोटो आणलाय का विचारलं, तर त्यानं खिशातून मेहुणीचा फोटो काढला. म्हणाला, “वहिनी, हिचा एक बी फोटो न्हाई. ही तिची बहीण, लांब दिलीय, हिकडं येत न्हाई. तोंडावळा तसाच हाय, थोडा. हिचंच लावा. पण पोरीला कळू देऊ नका. तिला आई पायजे, बस.”

मी लावलं. मावशीचं तोंड आणि माझं अंग. आईचं त्यात काही म्हणजे काहीच नव्हतं. बापानं फोटो बघितला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाला, “हीच.” मला त्या वेळी रडू आलं, आताही लिहिताना येतंय.

पोरगी त्या फोटोपुढं लहानाची मोठी झाली. बारीकसारीक सांगायला फोटोकडं जायची म्हणे. लग्न ठरलं तेव्हा जत्रेत गेली, फ्रेम बगलेत मारून गेली, आणि गोंदणवालीपुढं ठेवून म्हणाली, आईसारखं काढा. गोंदणवाली म्हणाली, ह्यो एक चुकलाय, सोडून देते. ही म्हणाली, “न्हाई, आईचा हाय तसाच काढा.” मग पत्रिका द्यायला स्टुडिओत आली आणि हात पुढं करून मला दाखवला. “काकू, बघा की, आईवानी झालंय का?” पाच ठिपके आणि एक चुकलेला. मी दोन्ही हात पदराखाली घेतले. त्याच दिवशी आमच्या ह्यांचं रुंद पट्ट्याचं घड्याळ उचललं आणि डाव्या हाताला बांधलं. तेव्हापासून बांधतेच. पाण्यात हात घालायचा तेवढं काढते, कारण त्याच्यात पाणी गेलं की ते बंद पडतं. तिचा बाप पुढं वारला. आता हे ठाऊक असलेली मी एकटीच.

आणि तरी मीच माती खाल्ली. ताई पेटीतले फोटो बघत होत्या तेव्हा त्यांच्या हाती ठिपकेवालीच्या आईची प्रत लागली. “ही कोण?” मला काय गरज होती तोंड उघडायची? पण अहाहा ऐकून जीभ सैल सुटलेली. म्हटलं, ही ऊसतोडीतली, हिची लेक इथं जवळच राहते, फोटोला देवासारखं पुजते. ताईंनी लगेच गाडी काढली. वस्तीवर गेल्या, ठिपकेवालीला भेटल्या आणि उद्घाटनाला तिचं भाषणच ठरवून आल्या. ती बिचारी हरखून गेली. आईचा फोटो साहेबांच्या मोठ्या हॉलात लागणार! तीही आईसारखी ऊसतोडीलाच जायची; दसऱ्यानंतर तिची टोळी निघणार होती, उद्घाटन त्याच्या आधी दोन दिवस. नवी पातळं बांधून ठेवायच्या वेळी तिनं एक काढून ठेवलं.

ताईंनी चौदा फोटो निवडले आणि त्यावर काय लिहायचं त्याचा कागद मला वाचून दाखवला. ‘या सर्व स्त्रियांच्या मनगटावरील समान गोंदण हे कष्टकरी स्त्रियांच्या सामूहिक अस्मितेचे सांकेतिक चिन्ह असून त्यातील विलग ठिपका स्थलांतराची वेदना सूचित करतो.’ मी ऐकून घेतलं. त्या चौदांत एक पाटलीणबाई होत्या, ज्यांनी जन्मात विळासुद्धा धरला नाही, आणि एक मास्तरीण होती, तिचं स्थलांतर घर ते शाळा. खाली लिहिलं होतं, छायाचित्रकार: अज्ञात. पाटीवर एवढं ढळढळीत नाव असून सासरे अज्ञात, तिथं माझी काय कथा.

चार दिवसांनी ताई न सांगता परत आल्या. मी मागं घरात भाकरीचं पीठ मळत होते. घड्याळ खुंटीला. त्या थेट स्वयंपाकघरात आल्या, मोठ्या केलेल्या फोटोंची गुंडाळी उलगडून म्हणाल्या, “मावशी, हा जोड बघा ना, गळ्यापाशी…” आणि मी पिठाच्या हातानं कुठं म्हणून दाखवायला गेले. त्यांनी माझं मनगटच धरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फोटोकडं बघतात, मनगटाकडं बघतात, परत फोटोकडं. मग मोबाइल काढून माझ्या मनगटाचाच फोटो घेतला.

“म्हणजे चौदाही जणी तुम्हीच?”

“मानेखाली,” मी म्हटलं.

पहिला कागद त्यांनी तिथंच फाडला. सामूहिक अस्मिता गेली, स्थलांतराची वेदना गेली, त्याचं त्यांना काडीचं दुःख झालं नाही. उलट डोळे लकाकले. आता नवीन अर्थ. एका स्त्रीच्या देहाने चौदा मृत स्त्रियांना आश्रय दिला. उद्घाटनाच्या दिवशी मला स्टेजवर बोलावणार, मी हात वर करून दाखवणार, आणि दारातच मोठ्या अक्षरांत माझं नाव लागणार. कलाकार म्हणून. मान बसवण्याचं कामही माझंच, हेही तिथं सांगणार.

खरं सांगते, मला मोह झाला. लई झाला. त्या दिवशी भाकरी करपली. मनात ते नाव मी दहा वेळा लिहून बघितलं. नवीन ब्लाऊजसुद्धा शिवायला टाकला. मग शिंप्याकडून परत येताना ठिपकेवालीचा हात डोळ्यांपुढं आला. ताईंना फोन केला. म्हटलं, तेरा फोटो ठेवा, ऊसतोडीतल्या त्या बाईचा काढा. त्या म्हणाल्या, कावून? म्हणजे त्या ‘का बरं’ म्हणाल्या. मी म्हटलं, तिच्या लेकीला हे माहीत नाही, तिला ते हात आईचे वाटतात. चेहऱ्याचं मी बोलले नाही, तेवढी अक्कल होती.

ताई हळूच म्हणाल्या, “अहो मावशी, मग तर हे किती सुंदर आहे! तिला तिथंच कळू दे ना. स्टेजवर. तो क्षण आपण रेकॉर्ड करू. स्मृती मोडते तो क्षण!”

मी फोन ठेवला. माझ्या तोंडात जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोरीला एकच आई, तीही आम्ही कात्रीनं आणि डिंकानं केलेली, आणि ह्यांना ती मोडताना बघायची होती, तेही चांगल्या उजेडात. जाऊच नये असं वाटलं. पण मी गेले नाही तरी त्यांच्याकडं मनगटाचा फोटो होता, त्या सांगणारच. तिच्याजवळ कुणी तरी असायला पाहिजे म्हणून गेले. घड्याळाचा पट्टा एक भोक आत ओढून बांधला.

आम्ही दोघी जीपनं परळीला गेलो. वाटेत ती भाषण पाठ करत होती. “माझी आई लई कष्टाळू होती…” पुढं अडखळायची, कारण पुढचं तिला काही ठाऊक नव्हतं. मला विचारलं, “काकू, तुमी तर आईला बघितलंय. फोटोला आल्ती तवा कशी बसली होती? हसली होती का?” मी म्हटलं, “हलू नका म्हटलं तर अजिबात हलली नाही.”

हॉलात खुर्च्या भरलेल्या. साहेबांची माणसं पुढं, परळीचे व्यापारी मागं, पुण्याचे आठ-दहा जण भिंतीपाशी. साहेबांनी भाषण केलं. स्मृती म्हणजे वडील आणि अस्मिता म्हणजे मराठवाडा, असं दहा मिनिटांत उरकलं आणि घड्याळ बघितलं. तोवर ठिपकेवाली माझ्याजवळून उठून भिंतीकडं गेली होती. एकेका फोटोपुढं थांबत होती. पहिल्यापुढं, दुसऱ्यापुढं, तिसऱ्यापुढं. नंतर परत पहिल्यापुढं आली. स्वतःचं मनगट वर करून फोटोशी लावून बघितलं. वाटलं, आत्ताच जाऊन तिचा हात धरावा आणि बाहेर काढावं, पण पुढं साहेबांची माणसं पाय पसरून बसलेली.

ताईंनी माइक घेतला. आवाज खाली आणला. “या चौदा स्त्रिया. चौदा चेहरे. पण हात? नीट पाहा. हे हात एकाच स्त्रीचे आहेत. आणि ती स्त्री कोण, ते आज आपल्याला…”

“मला ठावं हाय!” ठिपकेवाली भिंतीपासूनच ओरडली.

सगळा हॉल वळला. ती तरातरा स्टेजवर आली. ताईंनी कॅमेरेवाल्याला खूण केली आणि माइक आनंदानं तिच्या हातात दिला. मी उठून उभी राहिले.

तिनं डावा हात वर केला. “ह्ये बघा. पाच आन एक. ह्ये माझ्या आईचं हाय. ह्या समद्या बायांना माझ्या आईचे हात लावलेत! पाटलीणबाईला बी लावलेत. ह्या बायांना कुणाला चांगले हात नव्हते व्हय? माझी आई ऊस तोडीत होती, पण हात असे होते तिचे, की मेलेल्या बायांना लावून घ्यावेसे वाटले!”

साहेबांनी टाळी वाजवली. साहेबांना काही कळलेलं नव्हतं, पण टाळी कधी वाजवायची हे त्यांना जन्मजात कळतं. साहेबांनी वाजवली म्हणून त्यांच्या माणसांनी वाजवली, मग व्यापाऱ्यांनी. कुणी तरी शाल आणली, साहेबांनी ती तिच्या खांद्यावर टाकली आणि फोटो काढून घेतला. ताई मधोमध तोंड उघडं ठेवून उभ्या. मग त्यांनी दुसरा माइक घेतला आणि तो थेट माझ्याकडं धरला. “मावशी, तुम्हीच सांगा आता. खरं काय ते सांगा. कुणाचे हात आहेत हे?”

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. दारात माझ्या नावाची पाटी कापडाखाली झाकून ठेवलेली मला तिथून दिसत होती. आणि ही समोर, अंगावर शाल, हात अजून वरच.

मी म्हटलं, “तिच्या आईचेच आहेत. फोटो चांगला आला होता, म्हणून सगळ्यांना वापरला.”

ताई खाली आल्या आणि माझ्या कानाशी फुसफुसल्या, “मावशी, तुम्ही चक्क खोटं बोललात!”

“ताई,” मी म्हटलं, “धंदाच आहे माझा तो.”

त्यांच्याकडं माझ्या मनगटाचा फोटो होता. दाखवू शकल्या असत्या. पण साहेबांनी तोवर जाहीर करून टाकलं होतं की असल्या मातेचे हात आपल्या दालनात आहेत हा जिल्ह्याचा गौरव आहे, आणि साहेबांना खोटं पाडायला पुण्याहून कुणी येत नाही. ताईंनी संध्याकाळपर्यंत तिसरा अर्थ लावला. आम्ही निघालो तेव्हा भिंतीवर नवी चिठ्ठी डकवत होत्या: ‘एका ऊसतोड मातेचे हात’. त्याखाली, छायाचित्रकार: अज्ञात. झाकलेली पाटी कुणी तरी उलटी करून दाराला पाचर म्हणून लावली होती.

जीपमध्ये ठिपकेवाली डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, दमली. सिरसाळ्याच्या अलीकडं एकदम म्हणाली, “काकू, एक बोलू? राग आलाय मला तुमचा.”

मी घड्याळाचा पट्टा चाचपला. “काय गं?”

“आईचे हात तेरा जणींना दिले तुमी. दिले ते दिले. पण एक शब्दानं विचारायचं का न्हाई? मी होते की वस्तीवर.”

“चुकलं बाई,” मी म्हटलं. “विचारायला पाहिजे होतं.”

“आता जवा लावताल तवा फोन करत जा. मी फडावर असले तरी उचलीन.”

सिरसाळ्याला चहाला थांबलो. तिनं भजी घेतली, मलाही चार दिली. खाऊन झाल्यावर मी टपरीच्या नळावर गेले, सवयीनं घड्याळ काढून ब्लाऊजात खोचलं आणि हात धुवायला लागले. ती शेजारीच उभी होती, तिचे हातही तेलकट. तिनं नळाखाली हात घातला आणि थांबली.

पाणी वाहत होतं. तिचा हात आणि माझा हात शेजारी शेजारी. पाच आणि एक, पाच आणि एक. पदराखाली घ्यायला उशीर झाला होता, मनगटावर घड्याळ नव्हतं, काही नव्हतं.

“काकू,” ती म्हणाली, “तुमी बी गोंदून घेतलं? माझ्या आईचं बघून?”

“होय गं,” मी म्हटलं. “लई आवडलं होतं मला.”

“ह्यो चुकलेला ठिपका बी घेतला?”

“घेतला. तो सोडला असता तर तुझ्या आईचं कसं म्हणायचं?”

तिनं नळ बंद केला. पदरानं माझं मनगट पुसलं, उजेडाकडं धरलं आणि आपलं त्याच्या शेजारी ठेवून बारकाईनं बघितलं. मग चेहरा खुलला तिचा.

“चांगलं हाय,” म्हणाली, “पण तुमचं जरा बिघडलंय. माझं बघा, आईवानी झालंय.”

“व्हय,” मी म्हटलं. “तुझंच जमलंय.”